देवानांप्रिय : देवाचा लाडका की मूर्ख?



आमच्या मालवणीत मूर्खाला नावं ठेवायला शब्दांची कधी ददात पडली नाही. खुळो, येडो, पिसो, बावळो. प्रत्येकाची छटा वेगळी. अक्कल कमी तो खुळो, एखाद्या गोष्टीमागे लागून भान हरपलेला तो पिसो, आणि दारात पाहुणे आले तरी तोंड उघडं टाकून नुसता बघत राहतो तो बावळो. यातला एकही शब्द कोणाला फारसा झोंबत नाही. आई मुलाला म्हणते, आजी नातवाला म्हणते, आणि बायको नवऱ्याला (तो समोर नसताना) म्हणते.

आज मात्र मी एका अशा शब्दाबद्दल लिहिणार आहे, जो आता कोणाच्या तोंडी राहिलेला नाही. संस्कृत जाणणारी जुनी मंडळी एखाद्याला चारचौघांत मूर्ख म्हणायचं आणि त्याला कळूही द्यायचं नाही, अशा वेळी तो वापरत. तो शब्द म्हणजे ‘देवानांप्रिय’. सरळ अर्थ ‘देवांना आवडणारा’, म्हणजे देवाचा लाडका. ऐकणाऱ्याला वाटावं कौतुक चाललंय, आणि जाणकारांनी मात्र गालातल्या गालात हसावं!

ही माझी कल्पना नाही, कोशात छापलेलं आहे. आणि तो कोश करणारा माणूस आपल्याच मुलखातला. वामन शिवराम आपटे यांचा जन्म १८५८ साली सावंतवाडी संस्थानातल्या, बांद्याकडच्या एका खेड्यात झाला. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. १८९० साली त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला, तो आजही संस्कृत शिकणाऱ्याच्या टेबलावर असतो. त्यात ‘देवानांप्रिय’ या शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत. एक बोकड, दुसरा मूर्ख आणि तिसरा संसार सोडलेला तपस्वी.

बोकड, मूर्ख आणि तपस्वी! ही तीन माणसं (म्हणजे दोन माणसं आणि एक बिचारा बोकड) एका ओळीत आली कशी? आणि त्या ओळीत ज्याने हा शब्द दगडांवर कोरून अजरामर केला, तो कुठेच कसा नाही?

तो म्हणजे सम्राट अशोक. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने देशभर लेख कोरून घेतले. त्यातल्या बहुतेक लेखांत तो स्वतःला अशोक म्हणतच नाही, ‘देवानांपिय पियदसि राजा’ म्हणतो. म्हणून ब्राह्मी लिपी वाचता आली तेव्हाही हा राजा कोण, हे कोडंच होतं. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ती लिपी उलगडली, आणि आधी त्याला वाटलं की हा श्रीलंकेचा राजा असावा, कारण तिथे ‘देवानंपिय तिस्स’ नावाचा राजा होऊन गेला होता. सिंहली ग्रंथांच्या आधाराने जॉर्ज टर्नरने हा अशोकच, हे दाखवलं. पुढे १९१५ साली कर्नाटकात रायचूरजवळ मस्कीला लेख सापडला, त्यात ‘अशोक’ हे नाव स्पष्ट होतं, आणि उरलीसुरली शंकाही गेली.

योगायोग पाहा. ज्या १८३७ साली हा शब्द दोन हजार वर्षांनी पुन्हा वाचला गेला, त्याच वर्षी ६ जुलैला आमच्या मालवणात रामकृष्ण गोपाळ भांडारकर जन्मले. पुण्याची भांडारकर संस्था त्यांच्याच नावाची. त्यांचे चिरंजीव देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी १९२५ साली अशोकावर आख्खा ग्रंथ लिहिला, आणि त्यात या पदवीचीही चर्चा केली. म्हणजे या शब्दाचा शोध घेताना मला माझ्या गावाबाहेर फारसं जावंच लागलं नाही!

अशोकाचे शिलालेख कोकणातही होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याला आठव्या लेखाचा तुकडा मिळाला, तो आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. हा आठवा लेख आपल्या विषयाला फार महत्त्वाचा. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, मी धर्मयात्रा सुरू केली, असं अशोक त्यात सांगतो. गिरनारच्या प्रतीत ‘पूर्वीचे राजे’ यासाठी ‘राजानो’ असा साधा शब्द आहे. पण कालसी, शाहबाजगढी आणि मानसेहरा इथल्या प्रतींत त्याच जागी ‘देवानांप्रिय’ आहे. म्हणजे ही एकट्या अशोकाची पदवी नव्हती, राजाला आदराने म्हणायचा तो शब्दच होता. अशोकाचा नातू दशरथ यानेही ती लावली. गयेजवळच्या नागार्जुनी टेकडीवरच्या लेण्या आजीविक साधूंना देताना त्याने स्वतःला देवानंपिय म्हटलं आहे.

आता आपल्या घरातली गोष्ट. श्वेतांबर परंपरेत पर्युषणात कल्पसूत्राचं वाचन होतं. त्रिशलामातेच्या स्वप्नांचा भाग आला की आपण सगळ्या जरा सावरून बसतो. त्या भागात राजा सिद्धार्थ त्रिशलेला हाक मारतो ती ‘देवाणुप्पिये’ अशी! हाच तो शब्द, अर्धमागधीतला. आणि एवढंच नाही. सकाळी उठून राजा सेवकांना दरबार सजवायला सांगतो, तेव्हा त्या सेवकांनाही ‘देवाणुप्पिया’ म्हणतो. स्वप्नांचा अर्थ सांगायला आलेल्या पंडितांनाही तेच. औपपातिक सूत्रात बातमी आणणारा सेवक कूणिक राजाला देवाणुप्पिय म्हणतो. आनंद श्रावक व्रतं घ्यायची इच्छा सांगतो, तेव्हा साक्षात भगवान महावीर त्याला देवाणुप्पिय म्हणून, सुखाने कर, उशीर मात्र करू नकोस, असं सांगतात.

म्हणजे बघा, नवरा बायकोला, राजा नोकराला, नोकर राजाला, आणि तीर्थंकर एका गृहस्थाला, सगळ्यांसाठी एकच हाक. आपल्या मराठीत अशी हाक नाही. आपण मोठ्याला ‘अहो’ म्हणतो आणि धाकट्याला ‘अरे’, आणि घरकामाला येणाऱ्या बाईंना काय म्हणायचं, यावर अजून अडखळतो. आगमांच्या भाषेत मात्र मालकाने सेवकालाही ‘देवांचा लाडका’ म्हणूनच काम सांगावं, अशी रीत होती. हे वाचलं तेव्हा मला त्या शब्दाचं फार अप्रूप वाटलं.

मग हा शब्द मूर्ख कधी झाला?

एका दिवसात झाला नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजलीच्या महाभाष्यात एक मजेदार प्रसंग आहे. एक व्याकरणकार रथवानाला विचारतो, या रथाचा ‘प्रवेता’ कोण? रथवान म्हणतो, मी या रथाचा ‘प्राजिता’. पंडित लगेच नाक मुरडतो, हा शब्द अशुद्ध आहे. त्यावर रथवान शांतपणे उत्तर देतो की देवानांप्रियांना नियम ठाऊक आहे, पण लोकांत चालतं काय, ते ठाऊक नाही! आता सांगा, रथवानाने तिथे आदर दाखवला की चिमटा काढला? मला वाटतं दोन्ही. आपल्याकडे ‘मोठो शाणो इलो’ म्हणतात ना, अगदी तसं. शब्द मानाचा, आवाज मात्र वेगळा. शब्दाच्या घसरणीची पहिली पायरी मला इथे दिसते.

तरीही पुढे कित्येक शतकं शब्द शाबूत होता. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात तो आदरानेच वापरला आहे. पण वादविवादाच्या ग्रंथांत त्याची चव बदलत गेली. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात समोरच्या पक्षाला देवानांप्रिय म्हणतात, तेव्हा त्यात उपरोध स्पष्ट ऐकू येतो. ‘या महाशयांना जरा विचारा तर’ असा तो सूर. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने काव्यप्रकाशात तर तात्पर्य न कळणाऱ्यांना हा शब्द लावला, आणि आपट्यांनी कोशात ‘मूर्ख’ या अर्थाला हेच उदाहरण दिलं. बाराव्या शतकात गुजरातेत आपले आचार्य हेमचंद्र यांनी अभिधानचिंतामणी हा कोश रचला. त्यात मूर्खाचे समानार्थी शब्द देताना त्यांनीही देवानांप्रिय हा शब्द घेतला आहे! ज्यांना आगमातला प्रत्येक देवाणुप्पिय मुखोद्गत असणार, त्या आचार्यांनाही कोशकार म्हणून लोकांत रूढ झालेला अर्थ नोंदवावा लागला. प्राकृतात तोच शब्द तीर्थंकरांच्या मुखी आणि संस्कृतात मूर्खांच्या यादीत. मला या एका नोंदीपाशी बराच वेळ थांबावंसं वाटलं.

शेवटचा शिक्का मारला व्याकरणाने. हे थोडं किचकट आहे, पण शाळेतला समास आठवा. समास झाला की आतली विभक्ती जाते, म्हणून खरं तर ‘देवप्रिय’ व्हायला हवं. काही शब्दांत ती टिकते, जसं ‘वाचस्पती’. पाणिनीचा एक नियम असा की निंदा करायची असेल तर षष्ठी विभक्ती टिकते. त्या नियमाखाली कात्यायनाने आणखी काही शब्द जोडले, त्यात देवानांप्रिय होता. त्याच यादीत ‘दिवोदास’ आहे. तो तर वेदातल्या राजाचं नाव, त्यात कसली आली निंदा? म्हणजे कात्यायनाला फक्त विभक्ती टिकते एवढंच सांगायचं होतं. पण शेजार निंदेच्या नियमाचा! सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धांतकौमुदीत या ओळीला ‘मूर्ख या अर्थी’ असं शेपूट लागलेलं आहे. मूर्ख असेल तर देवानांप्रिय, नाही तर देवप्रिय म्हणा. तेव्हापासून संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने हा शब्द शिवी म्हणूनच पाठ केला.

आता बोकडाचं काय? टीकाकारांनी तेही सांगितलं आहे. मूर्ख देवांना का आवडतो? कारण तो देवांचा पशू आहे. ज्याला ज्ञान नाही तो देवांच्या दावणीला बांधलेला, त्यांच्या कामी येणारा. आणि यज्ञात दिला जाणारा बोकड तर उघडच देवांना प्रिय. आपल्या कोकणातही देवाच्या नावाने कोंबडा ठेवतात, राखणीचा म्हणतात त्याला. तो अंगणात मोठ्या तोऱ्यात फिरतो, कोणी हात लावत नाही, सगळे कौतुकाने बघतात, आणि एके दिवशी तो दिसेनासा होतो. शेजारपाजारची श्रद्धा, त्यावर मी बोलणार नाही. पण देवाचं लाडकं होण्यात जिवाला केवढा धोका, हे आम्हा जैन घरातल्या मुलांना अंगणातच कळत असे. मराठीत माणूस गेला की ‘देवाला आवडला’ म्हणतात, त्यातही हीच धास्ती आहे.

इथेच मला सगळ्यात मोठा विरोधाभास दिसतो. अशोकाचा पहिलाच शिलालेख यज्ञात जीव मारू नका म्हणून सांगतो. आपल्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत, असं तो लिहितो. ज्या राजाने बोकडांचे प्राण वाचवायची आज्ञा काढली, त्याच्याच पदवीचा अर्थ कोशात बोकड झाला!

आपल्या पुराणांत अशीच एका शब्दाची गोष्ट आहे, ती तुम्हाला आठवली असेल. नारद आणि पर्वत यांचा वाद. ‘अज’ या शब्दाने यज्ञ करावा म्हणजे कशाने? नारद म्हणाला, अ-ज म्हणजे जे पुन्हा उगवत नाही ते जुनं धान्य, असं गुरुजींनी शिकवलं. पर्वत म्हणाला, अज म्हणजे बोकड. निवाडा वसू राजाकडे गेला. गुरुपत्नीला दिलेल्या शब्दापायी त्याने जाणूनबुजून पर्वताची, म्हणजे तिच्या मुलाची बाजू घेतली, आणि सिंहासनासह तो खाली गेला. लहानपणी वाटायचं, एवढ्याशा अर्थासाठी एवढी शिक्षा? आता वाटतं, शब्दाचा अर्थ बदलला की मान कोणाची तरी कापली जाते. कधी बोकडाची, कधी माणसाची.

बरेच जण म्हणतात की वैदिकांनी बौद्ध राजाच्या द्वेषापोटी मुद्दाम त्याची पदवी शिवी केली. ‘बुद्धू’ शब्द बुद्धावरून आला आणि ‘लुच्चा’ केशलोच करणाऱ्या ‘लुंचित’ साधूंवरून आला, असंही सांगतात, आणि ते ऐकून आपल्याला वाईट वाटतं. द्वेष नव्हताच असं कोण म्हणेल? पण वर पाहिलं तसं अशोकानंतर नऊशे वर्षांनीही बाणभट्टाला हा शब्द आदराचा वाटतो. एका रागाच्या भरात शिवी झाली असती, तर एवढा काळ लागला नसता. मला दिसतं ते असं, की शब्द उपरोधाने झिजला. वादात समोरच्याला ‘महाराज’ म्हणत म्हणत चिमटे काढायचे, आणि चिमटा एवढा सवयीचा व्हायचा की मूळ मान विसरला जायचा. ज्यांना हा शब्द आदराचा म्हणून रोज लागत होता, त्या प्राकृत बोलणाऱ्या माणसांचं आणि पंडितांचं बोलणंच तुटलं, आणि मग त्याची बाजू घ्यायला कोणी उरलं नाही.

जगात इतरत्रही हेच झालं आहे. इंग्रजीतला ‘सिली’ म्हणजे आज बावळट, पण जुन्या इंग्रजीत तो धन्य, सुखी या अर्थाचा शब्द होता. धन्यचा निष्पाप झाला, निष्पापचा बिचारा, आणि बिचाऱ्याचा बावळट. ‘क्रेटिन’ ही शिवी तर आल्प्सच्या डोंगरातल्या बोलीत ‘ख्रिस्ती’ या शब्दावरून आली. गलगंडाने खुरटलेल्या, मंदबुद्धी माणसांना तिथले लोक असं म्हणत, म्हणजे हीसुद्धा माणसंच आहेत, देवाचीच आहेत. हेतू केवढा चांगला, आणि शेवट पाहा.

आणि मराठीत? ‘भोळा’ म्हणजे शंकर, आणि ‘भोळसट’ म्हणजे फसणारा. ‘बृहस्पती’ देवांचा गुरू, पण वर्गात कोणाला बृहस्पती म्हटलं तर त्याचं प्रगतिपुस्तक विचारायची गरज नाही. ‘शहाणा’ एकटा आला तर ठीक, ‘दीड’ किंवा ‘अति’ घेऊन आला की संपलं. ‘देवमाणूस’ हा तर आपला सगळ्यात सुंदर शब्द, पण २०२० साली त्याच नावाच्या मालिकेत तो एका खुनी डॉक्टरला लावला गेला, आणि आता कोणाला देवमाणूस म्हटलं तर पोरं फिदीफिदी हसतात. आपल्या डोळ्यांदेखत एक देवानांप्रिय तयार होतोय.

उलटा प्रवासही होतो, तो आम्हा मालवण्यांना चांगला ठाऊक. ‘मेल्या’ ही किती वाईट शिवी! पण आमच्याकडे ‘मेल्या, जेवलंस काय?’ असं विचारलं की समोरच्याचं पोट अर्धं तिथेच भरतं. म्हणजे शब्दात विष किंवा अमृत कायमचं नसतं, बोलणारा ते रोज थोडं थोडं घालत असतो.

अशोकाला हे कळलं होतं. त्याचा बारावा शिलालेख याचसाठी आहे. आपल्या पंथाचं अवाजवी कौतुक आणि दुसऱ्याच्या पंथाची विनाकारण निंदा करू नका, असं करणारा आपल्याच पंथाचं नुकसान करतो, असं तो सांगतो. पंथ यासाठी त्याचा शब्द आहे ‘पासंड’, जो पुढे ‘पाखंड’ होऊन शिवीच झाला! आणि यावर उपाय म्हणून गिरनारच्या लेखात त्याने दिलेला शब्द आहे ‘वचिगुती’. मन, वचन आणि काया या तीन गुप्ती पाठ असलेल्या आपल्याला तो लगेच ओळखू येतो. वचनगुप्ती! बोलण्यावर राखण.

आपल्याकडेही परपाषंडप्रशंसा हा सम्यक्त्वाचा अतिचार सांगितला आहे, हे मी विसरले नाही. पण त्यात स्वतःची श्रद्धा ढळू देऊ नका असं सांगितलंय, दुसऱ्याला हिणवा असं नाही. दुसऱ्याची स्तुती न करणं वेगळं आणि त्याच्या पूज्य शब्दाची टिंगल करणं वेगळं. ‘नंगे साधू’ म्हणून कोणी हसलं की आपल्या काळजाला घरं पडतात. मग शेजारणीच्या गाऱ्हाण्याला, तिच्या देवचाराला, तिच्या उपासाला आपल्या मुलांनी घरात काय नाव ठेवलंय, तेही ऐकायला हवं. चेष्टेत म्हटलेलंच पुढे कोशात जातं.

या पर्युषणात कल्पसूत्र ऐकाल तेव्हा ‘देवाणुप्पिया’ किती वेळा येतं ते मोजा, आणि कोण कोणाला म्हणतंय तेही बघा. मुलांना जवळ बसवून सांगा, की राजा नोकराला असं म्हणायचा. माझ्या घरी गेल्या वर्षी हे सांगितलं, तर धाकट्याने दुसऱ्या दिवशी दूधवाल्या काकांना दारात ‘देवाणुप्पिया, अर्धा लिटर जास्त द्या’ म्हणून सांगितलं. काका हसले आणि मला विचारलं, ‘वयनी, ह्यो काय म्हणता?’ मी अर्थ सांगितला. त्यांनी अर्धा लिटर मोजून घातलं आणि वर एक धार जास्तीची सोडली.